शाळेत शहाणा, घरी मारकुटा

मुलगा 6 वर्षांचा. धाकट्या बहिणीला मारतो, वस्तू भिरकावतो, अडवलं की आईला चावतो. शाळेतून मात्र तक्रार नाही. "म्हणजे आमचंच चुकतंय ना?" हा आईचा पहिला प्रश्न. तसं लगेच म्हणता येत नाही. दिवसभर सांभाळून वागलेलं मूल घरी मोकळं सुटतं, हे पुष्कळदा दिसतं.

आईबाबांना 14 दिवस एक वही ठेवायला सांगितली. रकाने चार: वेळ, आधी काय घडलं, मोठ्यांनी काय केलं, आणि त्या क्षणी स्वतःचा ताण 0 ते 10 मध्ये किती. नोंद तासाभरात करायची. रात्री आठवून लिहिलं की फक्त मुलाच्या चुका उरतात.

बहुतेक प्रसंग दोघं कामावरून परतल्यानंतरच्या तासाभरातले निघाले. त्याहून बोलका होता चौथा रकाना. घरात चेंडू फेकला, ताण 3 असताना हसण्यावारी. 8 असताना धपाटा. कधी आरडाओरडा असह्य होऊन हट्ट पुरवला जायचा. मूल गप्प, मोठ्यांची सुटका, आणि पुढच्या वेळी दोन्ही बाजूंचा आवाज आणखी चढा. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी 1982 मध्ये मांडलेलं दुष्टचक्र ते हेच. ताणामुळे मुलाचा राग वाढतो, त्या रागाने ताण. सुरुवात कुणी केली हे शोधण्यात अर्थ नसतो.

ठरलं ते असं. घरी आल्यावर एकाने 10 मिनिटं मुलाच्या मर्जीने खेळायचं. फोन नाही, अभ्यासाची चौकशी नाही. दुसऱ्याने तेवढा वेळ बहिणीला बघायचं, उद्या अदलाबदल. हात उगारला तर तो हलकेच अडवून "मारायचं नाही" एवढंच. समजावणं तो पूर्ण शांत झाल्यावर. स्वतःचा आकडा 7 झाला की "पाच मिनिटांत येते" सांगून मुलाला जोडीदाराकडे सोपवायचं, आणि खरंच परत यायचं.

पहिल्या आठवड्यात किंचाळणं वाढलं. ते अपेक्षित असतं, पण इथेच माघार घेतली तर मूल शिकतं की जास्त वेळ ओरडावं लागतं. बाबांनी "मारलंस, आज खेळ बंद" असंही केलं. ते थांबवलं, ती 10 मिनिटं बक्षीस नाहीत.

इजा होत असेल, प्राण्यांना त्रास दिला जात असेल, शाळेतही हेच चालू असेल, तर वहीवर न थांबता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. पालकाची झोप आणि उमेद दोन आठवडे हरवली असेल, तर त्यानेही डॉक्टरांना भेटावं.

चौथ्या आठवड्यात चावणं थांबलं, फेकाफेक अधूनमधून राहिली. आईचे आकडे उतरले, बाबांचे तसेच. पुढची भेट फक्त बाबांची ठेवली.