तीनचे चार करताना सात होतात तेव्हा

प्रश्न: सर, आमच्या देवगडच्या बागेतल्या हापूसच्या अढीसाठी मी एटीमेगा ३२८पी या २८ पायांच्या चिपवर तापमान मोजायचं यंत्र करतोय. चॅनल ३ वर अढीतला सेन्सर, ४ वर खोलीतला. अढीचं तापमान नीट येतं, पण त्यानंतर खोलीचं घेतलं की आकडे भरकटतात. माझा मॅक्रो, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, चॅनलचा आकडा एडीमक्स या चॅनल निवडणाऱ्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या बिटांच्या कप्प्यात) नुसता ‘ऑर’ करतो. मॅक्रो सोडून सी भाषेच्या स्ट्रक्टमधले बिटफील्ड, म्हणजे ठरावीक बिटांचे नाव दिलेले भाग, वापरू का?

उत्तर: ‘ऑर’ने बिट चढतात, उतरत नाहीत. ३ म्हणजे ००११, ४ म्हणजे ०१००. दोन्ही मिळून ०१११, म्हणजे ७. तुमच्या चिपवर चॅनल ७ ला पायच नाही! आधी फील्ड, म्हणजे चॅनलसाठी राखलेले बिट, पुसा, मग नवी किंमत ठेवा.

स्ट्रक्टच्या वाटेला जाऊ नका. बिट खालून भरायचे की वरून, हे सीच्या मानकाने कंपायलरवर सोडलंय. आज चालेल, उद्या कोड दुसऱ्या कंट्रोलरवर नेलात तर भरवसा नाही.

फील्डची ओळख म्हणून फक्त मास्क ठेवा, म्हणजे फील्डच्या बिटांवर १ आणि बाकी ० असलेला आकडा. रत्नागिरीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी जागा आणि रुंदी असे दोन आकडे लिहूच देत नाही. एक बदलला जातो, दुसरा तसाच राहतो. जागा मास्कातूनच निघते. मास्क आणि उणे मास्क यांचा ‘अँड’ घेतला की सर्वांत खालचा बिट हाती येतो. एडीमक्समधल्या संदर्भ व्होल्टेजचा मास्क १९२, त्याचा खालचा बिट ६४. लिहिताना किंमत ६४ ने गुणून मास्कने गाळा (म्हणजे ‘अँड’ करा), वाचताना आधी गाळा आणि मग ६४ ने भागा. मास्क स्थिरांक असेल आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल, तर कंपायलर खरा गुणाकार-भागाकार ठेवत नाही. स्थिरांकांमागे ‘यू’ (चिन्हरहित संख्येची खूण) लावायला विसरू नका. लिनक्स कर्नलचे फील्ड-प्रेप आणि फील्ड-गेट हे मॅक्रो याच विचाराचे आहेत; मास्कात न मावणारी स्थिर किंमत दिली तर कंपाइल होतानाच अडवतात. तुम्हीही स्टॅटिक असर्ट, म्हणजे कंपाइल होतानाच अट तपासणारी ओळ, घालाच.

हा मॅक्रो एडीसीएसआरए या मोजणीचं नियंत्रण करणाऱ्या रजिस्टरवर मात्र चालवू नका. तिथला एडीआयएफ, म्हणजे मोजणी संपल्याची खूण देणारा बिट, १ लिहिल्यावर पुसला जातो. तो चढलेला असताना तुम्ही शेजारचा बिट बदलायला रजिस्टर वाचून परत लिहिलंत, तर एडीआयएफवरही १ जातो आणि ताटकळलेला इंटरप्ट (मोजणी झाल्याचा इशारा) हरवतो. डेटाशीटमध्ये ही ताकीद स्पष्ट आहे. त्या रजिस्टरसाठी वेगळ्या नावाचा मॅक्रो करा, परत लिहिताना एडीआयएफच्या जागी ० घालणारा.

आणि चॅनल बदलण्याआधी चालू रूपांतर, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणं, संपू द्या. मध्येच बदललात तर ते वाचन जुन्याच चॅनलचं येतं.