रेझोनन्स : अनुनाद, अनुस्पंदन की संस्पंदन?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. पदार्थविज्ञानाची नुकतीच ओळख होत असलेल्या मुलांना त्या मराठीतून विद्युतचुंबकीय तरंग शिकवतात. 'रेझोनन्स'साठी, म्हणजे वस्तूला तिच्या स्वतःच्या लयीत वेळेवर धक्के मिळाले की ती जोराने हलू लागते त्या घटनेसाठी, त्यांना अनुनाद, अनुस्पंदन आणि संस्पंदन असे तीन शब्द निरनिराळ्या ठिकाणी भेटले. वर्गात त्यांनी अनुनाद हा शब्द वापरला, तेव्हा एका मुलीने विचारले, "रेडिओच्या अँटेनात नाद होत असेल, तर तो आपल्याला ऐकू का येत नाही?" आता यांतला कोणता शब्द धरावा, आणि जाता जाता, लाट, लहर, तरंग यांतले काय वापरावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ध्वनीचा धडा चालू असेल तर अनुनाद म्हणा. तरंग विद्युतचुंबकीय असतील तर अनुस्पंदन म्हणा. आणि दोन्हींच्या आधी, एकही पारिभाषिक शब्द न उच्चारता, 'सूर जुळणे' आणि 'री ओढणे' हे दोन वाक्प्रचार फळ्यावर लिहा. असे का, ते आता सविस्तर.

त्या मुलीची काही चूक झालेली नाही. तिने शब्द नीट ऐकला आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. 'नद्' या धातूचा अर्थ आवाज करणे, गर्जणे. घंटानाद, शंखनाद, सिंहनाद, नादमधुर हे शब्द आपल्या कानात जिवंत आहेत. शिवाय ट्यूनिंग फोर्कला, म्हणजे ठोकल्यावर एकच सूर देणाऱ्या धातूच्या दोन दांड्यांच्या काट्याला, आपण नादकाटा म्हणतो. इतके सगळे कानावर असताना 'अनुनाद' ऐकून कोणी आवाज शोधू लागले, तर शब्दाने त्याचे काम चोख केले असेच म्हणायला हवे. संस्कृतातही अनुनाद म्हणजे मागाहून उमटणारा आवाज, पडसाद. हिंदीत रेझोनन्ससाठी हाच शब्द रूढ आहे.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. खुद्द 'रेझोनन्स'मध्ये तरी दुसरे काय आहे? लॅटिनमध्ये 'रेसोनारे' म्हणजे पुन्हा निनादणे. मग त्यांचे चालते तर आपले का चालू नये? माझे उत्तर असे की, इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला त्या शब्दातला 'सोनारे' सहसा ऐकूच येत नाही. तो लॅटिनच्या आड गेलेला आहे. आपल्या मुलांना मात्र 'नाद' लख्ख ऐकू येतो. व्युत्पत्ती सारखी असली तरी शब्द मनात सारखेच चित्र उभे करतात असे नाही, आणि शिकवताना महत्त्व त्या चित्राला आहे.

चित्र चुकले की काय होते याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण एमआरआयचे, म्हणजे चुंबक आणि रेडिओ तरंग वापरून शरीराच्या आतली प्रतिमा घेणाऱ्या तपासणीचे आहे. त्यातले 'आर' म्हणजे रेझोनन्स, आणि त्या तपासणीचे नाव मराठीत करताना 'चुंबकीय अनुनाद' असे लिहिलेले आढळते. यंत्रात शिरलेला माणूस प्रचंड ठकठक ऐकतो. अनुनाद हा शब्द माहीत असलेल्याला वाटणार, हाच तो नाद. तसे मुळीच नाही. रेझोनन्स घडतो तो शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांत. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) चुंबकीय क्षेत्रात त्यांची स्वाभाविक वारंवारता, म्हणजे सेकंदाला आपसूक होणाऱ्या स्पंदनांची संख्या, सुमारे ६४ मेगाहर्ट्झ (६.४ कोटी) असते आणि त्याच वारंवारतेचे रेडिओ तरंग ती शोषतात. हे सारे निःशब्द घडते. आवाज येतो तो प्रतिमेसाठी लागणाऱ्या तारेच्या निराळ्या वेटोळ्यांचा. त्यांतला विद्युतप्रवाह झपाट्याने बदलत राहतो आणि मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात ती वेटोळी थरथरतात. म्हणजे जिथे नाद आहे तिथे हा रेझोनन्स नाही, आणि जिथे रेझोनन्स आहे तिथे नाद नाही.

आता उरले अनुस्पंदन आणि संस्पंदन. 'स्पंद्' म्हणजे थरथरणे, हलके कंप पावणे. यात आवाजाची अट नाही, त्यामुळे लंबकापासून अणुकेंद्रापर्यंत तो कुठेही जाऊ शकतो. फरक आहे तो उपसर्गांचा. 'सम्' म्हणजे एकत्र, बरोबरीने: संवाद, संगम, संयोग. 'अनु' म्हणजे मागोमाग, आणि त्याचबरोबर जोगते, मिळते: अनुसरण, अनुरूप, अनुकूल. रेझोनन्समध्ये एक जण हलवणारा असतो आणि एक हलणारा. बाहेरून प्रेरणा येते, तिला जोगती अशी स्वाभाविक वारंवारता असलेली वस्तू तिच्या मागोमाग स्पंदू लागते. 'अनु'मधल्या या दोन्ही छटा इथे कामी येतात, म्हणून माझा कौल अनुस्पंदनाला. त्यापासून अनुस्पंदी परिपथ (सर्किट), अनुस्पंदन वारंवारता, अनुस्पंदित होणे अशी रूपेही सहज घडतात.

संस्पंदनाच्या बाजूनेही एक बोलका पुरावा आहे. १८९० च्या सुमारास ऑलिव्हर लॉज हे ब्रिटिश शास्त्रज्ञ दोन लेडन जारचे (विद्युतभार साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांचे) परिपथ एकमेकांशी जुळवून दाखवत. एकात ठिणगी पडली की काही अंतरावरच्या दुसऱ्यातही पडे, पण दोघांचे माप जुळलेले असेल तरच. या जुळणीसाठी ते 'सिंटनी' हा शब्द वापरत. ग्रीक 'सिन्' म्हणजे एकत्र, आणि 'टोनोस' म्हणजे ताण, त्यावरून सूर. अगदी आपला 'सम्'. पुढे तो शब्द मागे पडला आणि 'ट्यूनिंग' राहिले.

'ट्यूनिंग'वरून सांगण्याजोगी एक गोष्ट आठवली आणि ती मला फार आवडते. आपण तंबोरा लावतो, सूर लावतो आणि रेडिओवर स्टेशनही लावतो. क्रियापद एकच. तारेचा ताण बदलून तिची स्वाभाविक वारंवारता हव्या त्या स्वरावर आणणे म्हणजे तार लावणे. रेडिओची खुंटी फिरवून आतल्या परिपथाची स्वाभाविक वारंवारता हव्या त्या केंद्राच्या तरंगांवर आणणे म्हणजे स्टेशन लावणे. कोणत्याही समितीने ठरवलेले नसताना बोलीने या दोन क्रियांना एकाच शब्दात बसवले आहे, आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ते अचूक आहे. वर्गात हे जरूर सांगावे.

आता त्या दोन वाक्प्रचारांकडे येऊ, कारण शब्द कोणताही निवडला तरी खरी अडचण पुढेच आहे. मुलांचा गोंधळ बहुधा 'रेझोनन्स' आणि 'बाहेरून हलवल्याने हलणे' या दोन गोष्टींत होतो. दुसऱ्या गोष्टीला पुस्तकी भाषेत प्रणोदित कंपन म्हणतात. एखाद्या वस्तूला कोणत्याही वारंवारतेने हलवत राहिलात, तर सुरुवातीची चलबिचल ओसरल्यावर ती त्याच वारंवारतेने हलू लागते. तिची स्वतःची वारंवारता काहीही असो. ही झाली री ओढणे. समोरचा जे म्हणेल त्यात आपला आवाज मिसळायचा, मनातून वाटो न वाटो. अशा री ओढण्यात जोर नसतो, तसा या कंपनाचा आयामही, म्हणजे हलण्याचा पल्लाही, बेताचाच राहतो. पण हलवणाऱ्याची वारंवारता वस्तूच्या स्वाभाविक वारंवारतेजवळ आली की प्रत्येक धक्का वेळेवर पडतो, ऊर्जा साठत जाते आणि आयाम एकदम वाढतो. हे झाले सूर जुळणे. झोक्याला हात लावलेल्या प्रत्येक मुलाला हा वेळेवरचा धक्का माहीत असतो.

या भेदाचा उपयोग पाहायचा तर मायक्रोवेव्ह ओव्हन घ्या. पाण्याच्या रेणूंची स्वाभाविक वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ (सेकंदाला २४५ कोटी) आहे आणि तिथे रेझोनन्स होऊन पाणी तापते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. द्रव पाण्यातले रेणू शेजाऱ्यांच्या धक्काबुक्कीत असतात, त्यांच्या वळण्याला वारंवारतांच्या या पट्ट्यात कुठलीही टोकदार स्वाभाविक वारंवारता नसते. ते दर क्षणाला उलटणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या मागे वळू पाहतात, मागे पडतात, एकमेकांवर घासल्यासारखे होतात आणि त्या ओढाताणीत ऊर्जा उष्णता होऊन जाते. शुद्ध री ओढणे. उलट पाण्याच्या शोषणाचे शिखर नेमके याच वारंवारतेला असते, तर तरंग वरच्या थरातच संपले असते आणि आतपर्यंत पोचलेच नसते. ओव्हनमध्ये सूर जुळतात ते दुसरीकडे, तरंग निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनच्या पोकळ्यांत. म्हणून 'अनुस्पंदनाने पाणी तापते' असे वाक्य कुठे दिसले तर ते खोडा.

शिकवण्याच्या क्रमाबद्दलही थोडे सांगतो, कारण शब्दाचा अर्थ मुलांच्या मनात पहिल्या उदाहरणाने ठरतो. पुष्कळ ठिकाणी सुरुवात नादकाट्याने होते: दोन सारखे काटे, एक ठोकून बोटाने थांबवला तरी दुसरा गातच राहतो. दुसऱ्याच्या एका दांड्याला मेणाची गोळी चिकटवली, म्हणजे त्याची वारंवारता किंचित उतरली, की त्याचे गाणे जवळजवळ बंद. प्रयोग सुंदर आहे, पण तो पहिला दाखवलात की रेझोनन्स म्हणजे आवाज हे समीकरण पक्के होते. त्याऐवजी एक दोरी आडवी बांधा, जराशी सैल. तिला सारख्या लांबीचे दोन लंबक लटकवा आणि तिसरा वेगळ्या लांबीचा. २५ सेंटिमीटरच्या लंबकाला एका झोक्यासाठी साधारण १ सेकंद लागतो, १ मीटरच्याला २ सेकंद. सारख्या जोडीपैकी एकाला हलवा. थोड्या वेळात त्याची जोडी मोठाले झोके घेऊ लागते आणि पहिला जवळजवळ थांबतो, मग पुन्हा उलटे. तिसरा आपला जागच्या जागी चुळबुळत राहतो. आवाज नावालाही नाही. जोडीतल्या दोघांचे सूर जुळले आणि तिसरा नुसती री ओढतो आहे, हे मुले स्वतःच म्हणतात. शब्द तेव्हा द्यावा: याला अनुस्पंदन म्हणतात. नादकाटा त्यानंतर, आणि रेडिओ सर्वांत शेवटी.

रेडिओत स्पंदते काय, हेही सांगायला हवे. लंबकात गोळा हलतो. रेडिओच्या परिपथात विद्युतभार हलतो, विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरच्या एका पट्टीकडून वेटोळ्यातून दुसऱ्या पट्टीकडे आणि परत. १०० मेगाहर्ट्झवरचे केंद्र लावले असेल, तर सेकंदाला १० कोटी वेळा. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय तरंग प्रथम पकडून दाखवले, तेव्हाही त्यांनी तारेच्या कड्याचे माप बदलून ते तरंग सोडणाऱ्या प्रेषकाशी जुळवले होते. कड्याच्या फटीत इवलीशी ठिणगी दिसायची. अनुस्पंदन नसते तर ती पाहणे फार अवघड झाले असते.

आता लाट, लहर, तरंग. लाट समुद्राची, उष्णतेची, साथीची. तिच्यात एक लोंढा आहे, पुन्हापुन्हा नेमाने येण्याची भावना कमी आहे, म्हणून इथे ती नको. लहर चालते; रेडिओलहरी, लघुलहरी, मध्यमलहरी हे शब्द रुळलेलेच आहेत. मात्र लहरी माणसाची लहर मनमानी असते, आणि विद्युतचुंबकीय तरंग तर नियमाचे पक्के. तरंग सर्वांत बरा, त्याच्यापासून तरंगलांबी झालेलीच आहे. त्याचीही एक गंमत आहे. मराठी मुलाला तरंग ऐकताच तरंगणे आठवते, आणि ते विचारते, "हे तरंग कशावर तरंगतात?" या प्रश्नाला हसू नका. १९व्या शतकातले मोठमोठे शास्त्रज्ञ हाच प्रश्न विचारत होते आणि त्यासाठी त्यांनी ईथर नावाचे सर्वव्यापी माध्यम कल्पिले होते. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ली यांनी पृथ्वीची ईथरमधली गती मोजायचा प्रयत्न केला, तर अपेक्षित परिणाम सापडलाच नाही. विद्युतचुंबकीय तरंग कशावरही तरंगत नाहीत. विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होत निर्वातातून सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर या वेगाने पुढे जातात, एवढेच.

लेखनाबद्दल एक छोटी गोष्ट. संधीचे नियम काटेकोर लावले तर 'विद्युच्चुंबकीय' व्हायला हवे, जसे विद्युत् आणि लता मिळून विद्युल्लता होते. पण नवशिक्या मुलाला या शब्दात विद्युत आणि चुंबक हे दोघे वेगवेगळे दिसणे फार गरजेचे आहे, कारण दोन क्षेत्रांची जोडी हाच त्या संकल्पनेचा गाभा. म्हणून तुम्ही लिहिता तसे 'विद्युतचुंबकीय'च राहू द्या.

आणि त्या मुलीला सांगा की अँटेनात नाद नसतो, विद्युतभाराचे स्पंदन असते. सेकंदाला १० कोटी स्पंदने असल्यावर स्पीकरचा पडदा त्या वेगाने हलू शकत नाही, आणि हलला असता तरी सुमारे २० हजारांच्या वर आपला कान ऐकत नाही. रेडिओतून येणारा आवाज त्या स्पंदनांचा नव्हे. केंद्राने त्या स्पंदनांत जे सावकाश चढउतार भरून पाठवलेले असतात, तेवढेच निवडून परिपथ स्पीकरला देतो. ते कसे निवडतो, हा तिचा पुढचा प्रश्न असेल.