वाघाटीच्या बहिणीच्या कळ्या

प्रश्न : मुलानं इटलीहून मिठात घोळवलेल्या हिरव्या गोळ्यांचं पाकीट आणलंय. 'केपर्स' म्हणतात म्हणे. पास्त्यात घातले तर नुसतं मीठच मीठ! हे कसलं फळ आणि खायचं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ते फळ नाही, न उमललेली कळी आहे. एखादी उभी चिरून बघा, आत पाकळ्यांची घट्ट घडी दिसेल. वापरण्याआधी अर्धा तास पाण्यात भिजवा, पाणी दोनदा बदला आणि पास्ता उतरवताना शेवटी घाला. मीठ निघालं की मोहरीसारखा झणका कळतो. कच्ची कळी कडू असते, तो झणका येतो मुरल्यावर. हे झाड मोहरीच्या गणातलंच आहे.

झाडाचं नाव कॅपॅरिस स्पायनोझा. भूमध्य समुद्राच्या काठांवर, जिथे मूठभर मातीही नाही अशा खडकांच्या भेगांत ते तग धरतं. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत, दगडांच्या सांध्यांतून लोंबणारे त्याचे हिरवे झुबके मी पाहिले. जवळच्या गल्लीतल्या एका पडक्या भिंतीवरची फांदी धरायला गेलो तर बोटातून रक्तच आलं. प्रत्येक पानाच्या देठाशी दोन आकडेबाज काटे! त्याच फांदीवर संध्याकाळी फूल उमललं होतं : चार पांढऱ्या पाकळ्या, मधोमध जांभळट केसरांचा झुपका. सकाळी परत गेलो, तर त्यानं मान टाकलेली.

म्हणून खुडणाऱ्यांना घाई. सिसिलीजवळच्या पान्तेलेरिया आणि सलीना बेटांवर उन्हाळाभर माणसं कंबरेत वाकून एकेक कळी हातानं खुडतात, आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच झुडपाकडे येतात. कळी जितकी बारीक तितका भाव जास्त. तुमच्या पाकिटामागे केवढे कष्ट आहेत, ते यावरून ध्यानात येईल. नजरेतून सुटलेल्या कळ्यांची फळं होतात. तीही वाया जात नाहीत, तिथे त्यांना 'कुकुंची' म्हणतात आणि खारवून खातात. आपल्याकडे लडाखमध्ये याच झाडाला 'काब्रा' म्हणतात, कोवळ्या पानांची भाजी करतात. आयुर्वेदात ते 'हिंस्रा' या नावानं येतं.

आणि तुम्ही साताऱ्याच्या, म्हणजे याची सख्खी बहीण तुमच्या ओळखीची असणार : वाघाटी! तीही कॅपॅरिसच. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना आई तिच्या हिरव्या फळांची भाजी करायची, आणि ती कडू लागली तरी पहिला घास तिचाच घ्यावा लागे. आपण फळ खातो, ते कळी खातात. पावसाळ्यात कुठे वाघाटीचा वेल दिसला तर पानाच्या देठाशी जपून बघा, तेच दोन वाकडे काटे असतील.