कीस्टोन एक्सएल पाइपलाइनला नेब्रास्काच्या शेतकऱ्यांनी एवढा विरोध का केला? स्वतः मोठमोठे ट्रक चालवायचे आणि तेलाला नको म्हणायचं, हा दुटप्पीपणा नाही का?

"आता ही गाडी काय मक्याच्या कणसावर चालते का?"

तुमचाच प्रश्न मी या शब्दांत ऐकला होता, एप्रिल 2013 मध्ये, ग्रँड आयलंड गावातल्या एका सभागृहाच्या पार्किंगमध्ये. आत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची पाइपलाइनवर जनसुनावणी होती. एप्रिल असून बर्फ पडत होता. केशरी टी-शर्ट घातलेला बांधकाम युनियनचा एक गडी समोरच्या पिकअपवरच्या 'पाइपलाइन नको' स्टिकरकडे हात करून विचारत होता. पिकअपवाला म्हातारा दार लावता लावता म्हणाला, "दहा टक्के चालते." तिथे पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, आणि ते मक्याचंच. दोघंही हसले, आत गेले आणि एकमेकांच्या विरोधात तावातावाने बोलून आले.

मी तेव्हा शिकायला आणि नंतर नोकरीला लिंकनमध्ये होतो. तिथून दीड तास गाडी हाकत केवळ कुतूहलापोटी गेलो होतो. त्यामुळे हे उत्तर नेब्रास्कातून जसं दिसलं तसं आहे. कॅनडातल्या तेल कंपन्यांच्या शहरात, कॅलगरीत बसलेल्या माणसाला तेच चित्र वेगळं दिसेल.

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही घोड्यांवरचे आदिवासी, तंबू आणि थंडीत सोडलेले पाण्याचे फवारे लिहिलंय, ती गल्लत आधी दूर करतो. ते 2016 चं स्टँडिंग रॉकचं आंदोलन, नॉर्थ डकोटातलं. ती पाइपलाइन वेगळी, डकोटा ॲक्सेस. ती पूर्ण झाली आणि जून 2017 पासून तिच्यातून तेल वाहतंय. कीस्टोन एक्सएल म्हणजे कॅनडाच्या अल्बर्टातल्या हार्डिस्टीपासून नेब्रास्काच्या स्टील सिटीपर्यंतचा सुमारे 1,900 किलोमीटरचा, तीन फूट व्यासाचा नळ. रोज 8 लाख 30 हजार बॅरल, म्हणजे 13 कोटी लिटरच्या आसपास तेल नेण्याचा बेत होता. ट्रान्सकॅनडा कंपनीने 2008 मध्ये परवानगी मागितली. नळ आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत असल्याने तिला राष्ट्राध्यक्षांचा परवाना लागत होता, म्हणून मध्ये परराष्ट्र खातं आलं.

आता नेब्रास्काचा माणूस. हे राज्य रिपब्लिकन. पर्यावरणवादी म्हटलं की इथल्या बऱ्याच लोकांच्या डोळ्यांसमोर कॅलिफोर्नियातून आलेला, गाईचं शेपूट कुठे असतं ते माहीत नसलेला प्राणी येतो. ऑगस्ट 2011 मध्ये वॉशिंग्टनला व्हाइट हाउससमोर दोन आठवड्यांत बाराशेहून जास्त लोकांनी अटक करवून घेतली, त्याचं आमच्या ऑफिसात कोणाला फारसं काही वाटलं नाही. वारं फिरल्याचं मला कळलं ते फुटबॉलच्या मैदानावर. लिंकनमध्ये विद्यापीठाच्या 'हस्कर' टीमचा सामना म्हणजे पंढरीची वारी. गावभर लाल रंग. ट्रान्सकॅनडाने मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर 'हस्कर पाइपलाइन' नावाची जाहिरात लावली होती. टीमच्या जुन्या पहिलवान खेळाडूंना तिथे 'पाइपलाइन' म्हणतात, त्यावरचा श्लेष. सप्टेंबर 2011 मध्ये ती लागली आणि स्टेडियममधून हुर्यो उठली. आपल्याच टीमच्या व्हिडिओची हुर्यो! थोड्याच दिवसांत विद्यापीठाने जाहिरातीचा करार मोडला. त्याच्या थोडं आधी, ऑगस्टच्या अखेरीस, रिपब्लिकन गव्हर्नर डेव्ह हाइनमन यांनी ओबामांना पत्र लिहून हा मार्ग नको असं कळवलं होतं.

कारण पाणी. मूळ मार्ग सँडहिल्समधून जात होता. नाव ऐकून वाळवंट वाटतं, पण ते वाळूवर गवत धरलेले डोंगर आहेत, आणि सखल भागात पाणी इतकं वर की कुंपणाचा खांब रोवायला खड्डा घेतला तर तळाशी ओल लागते. खाली ओगलाला जलधर, आठ राज्यांच्या पोटात पसरलेला भूजलाचा साठा. विमानातून नेब्रास्का पाहिलंत तर खाली हिरवी वर्तुळं दिसतात. मध्ये बोअर आणि त्याभोवती फिरणारी लांबलचक पाण्याची नळी. मका, सोयाबीन, जनावरं, घरातला चहा, सगळं त्याच पाण्यावर.

यावर लिंकनच्या एकाच विद्यापीठातले दोन जाणकार दोन टोकांना उभे राहिले. जॉन स्टॅन्सबरी यांनी हिशेब मांडला की 50 वर्षांत 91 मोठ्या गळत्या होऊ शकतात. कंपनीचा आकडा होता 11. भूजलाचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले जेम्स गोकी म्हणाले, लोक उगाच घाबरलेत. जलधर म्हणजे काही जमिनीखालचं तळं नव्हे. ते वाळूखड्यांत भरलेलं पाणी आहे, अगदी हळू सरकतं, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. बहुतेक साठा मार्गाच्या पश्चिमेला, म्हणजे वरच्या अंगाला. गळती झाली तरी ती जवळपासच राहील. मला आजही वाटतं की शास्त्र म्हणून गोकींचं बरोबर होतं. आंदोलनाच्या पत्रकांत 'आख्खा ओगलाला नासणार' छापायचे ते अतिरंजित होतं. पण गोकींचं उत्तर राज्याला दिलेलं उत्तर होतं. ज्याची बोअर नळापासून दोनशे फुटांवर आहे त्याला 'गळती जवळपासच राहील' हे वाक्य कसं ऐकू येत असेल? जवळपास म्हणजे तोच की.

त्यात हे तेल साधं नाही. अल्बर्टाचं बिटुमेन काकवीसारखं घट्ट, डांबराच्या जातीचं. नळातून वाहावं म्हणून त्यात पातळ हायड्रोकार्बन मिसळतात. जुलै 2010 मध्ये मिशिगनमध्ये एनब्रिज कंपनीची दुसरी एक पाइपलाइन फुटली आणि असंच तेल कॅलमझू नदीत गेलं. पातळ भाग उडून गेला, जड भाग नदीच्या तळाशी बसला. नियंत्रण कक्षात सूचना वाजत असूनही 17 तास गळती लक्षात आली नव्हती. हे नेब्रास्कातल्या प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ होतं.

तरी माझ्या मते खरी ठिणगी पाण्याने नव्हे, कागदाने टाकली. अजून परवाना मिळालेला नसताना शेतकऱ्यांच्या घरी पत्रं आली होती: ही आमची किंमत, मान्य नसेल तर सक्तीच्या संपादनाचा अधिकार वापरावा लागेल. एक खासगी कंपनी, तीही परदेशी, आजोबांनी कसलेली जमीन कोर्टातून घेणार! सरकारनेही आमच्या बांधावर पाय ठेवू नये असं मानणारे लोक ते. ट्रम्पला मत देणारे शेतकरी जेन क्लीब यांच्या 'बोल्ड नेब्रास्का' या पाइपलाइनविरोधी संघटनेच्या सभांना जायचे ते या पत्रापायी.

हे मला पटकन कळलं, कारण माझ्या मामांच्या शेतातून तेलाची पाइपलाइन गेलीये. नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या रानातून. आपल्याकडे यासाठी 1962 चा स्वतंत्र कायदा आहे. जमीन तुमचीच राहते, कंपनी फक्त 'वापराचा हक्क' घेते. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, शिवाय पिकाची नुकसानभरपाई. त्या पट्ट्यात मग घर बांधायचं नाही, विहीर खोदायची नाही, झाड लावायचं नाही. मामांची तक्रार कायद्याबद्दल नव्हतीच. ठेकेदाराने चर बुजवताना काळी माती खाली आणि मुरूम वर केला. पुढची तीन वर्षं हिरव्या रानात एक पिवळी पट्टी दिसायची, कोणी पट्टीने रेघ मारावी तशी. मामा मोटारसायकलवर पेट्रोल भरायचे आणि त्या पट्टीला शिव्याही घालायचे. त्यांना दुटप्पी म्हणायचं माझं धाडस नाही. तेल वापरणारे कोट्यवधी, आणि पिवळी पट्टी त्यातल्या काहींच्याच रानात. वाद मुख्यतः त्या वाटणीचा असतो.

दुसऱ्या बाजूला केशरी टी-शर्टवाले. त्यांच्यावर आंदोलकांनी अन्याय केला असं मला वाटतं. परराष्ट्र खात्याच्या 2014 च्या अहवालात बांधकामाच्या काळात थेट-अप्रत्यक्ष मिळून 42,100 रोजगार म्हटले होते, त्यात प्रत्यक्ष बांधकामावरचे सुमारे 3,900. नळ चालू झाल्यावर उरणार 50. आंदोलकांनी तो 50 चा आकडा फलकांवर रंगवला. पण वेल्डरचं आख्खं आयुष्यच एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्यात जातं. त्याला 'ही नोकरी तात्पुरती आहे' सांगणं म्हणजे गवंड्याला घर बांधून झाल्यावर तुझं काय असं विचारणं. त्या सुनावणीत एक जण म्हणाला, "माझी प्रत्येक नोकरी तात्पुरती होती, त्यावरच दोन मुली शिकवल्या." टाळ्या फक्त त्याच्याच बाजूने पडल्या, मलाही वाजवाव्याशा वाटल्या. शिवाय जुलै 2013 मध्ये क्विबेकमधल्या लाक-मेगांतिकमध्ये तेलाची मालगाडी घसरून 47 माणसं गेली, तेव्हापासून 'नळ नको तर रेल्वे हवी का?' या प्रश्नाला धार आली. त्याला समोरून चोख उत्तर मी तरी ऐकलं नाही.

हवामानबदलाचा वाद वॉशिंग्टनमध्ये जास्त, आमच्याकडे कमी. परराष्ट्र खात्याच्या त्याच अहवालाने मान्य केलं की या तेलाचं उत्सर्जन अमेरिकेत शुद्ध होणाऱ्या सरासरी तेलापेक्षा 17 टक्के जास्त, आणि पुढे म्हटलं की नळ झाला नाही तरी तेल दुसऱ्या वाटेने बाहेर येईलच. दोन्ही पक्षांनी आपापलं वाक्य उचललं.

आदिवासींची बाजू मात्र नेब्रास्कात अगदी जमिनीशी जोडलेली होती. 1877 मध्ये पोन्का लोकांना सैनिकांनी इथून ओक्लाहोमाकडे हाकललं. त्यांचा म्होरक्या स्टँडिंग बेअर मेलेल्या मुलाला पुरायला परत आला, पकडला गेला, आणि 1879 मध्ये ओमाहाच्या कोर्टाला ठरवावं लागलं की इंडियन हा कायद्याने 'माणूस' आहे. नीली गावाजवळ पाइपलाइनचा मार्ग त्या हकालपट्टीच्या वाटेला छेदत होता. तिथल्या एका शेतकरी दांपत्याने 2014 मध्ये पोन्कांना बोलावून आपल्या रानात त्यांचा पवित्र मका पेरू दिला, आणि 2018 मध्ये तो तुकडा त्यांच्या नावावरच करून दिला. 'काउबॉय आणि इंडियन' एका झेंड्याखाली वॉशिंग्टनमध्ये घोड्यांवरून निघाले ते 2014 च्या एप्रिलमध्ये. छायाचित्रकारांची चंगळ झाली, पण ते नुसतं छायाचित्र नव्हतं.

पुढे कोर्टकचेरीने जीव काढला. गव्हर्नरांनी 2013 मध्ये सँडहिल्स बऱ्याच अंशी टाळणारा नवा मार्ग मान्य केला. त्यांना तो अधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध तीन जमीनमालक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी 2015 चा निकाल ऐका: सातपैकी चार न्यायाधीश म्हणाले कायदा घटनाबाह्य आहे, आणि तरी कायदा टिकला, कारण नेब्रास्कात कायदा रद्द करायला पाच लागतात. ओबामांनी नोव्हेंबर 2015 मध्ये परवाना नाकारला. ट्रम्प यांनी 2017 मध्ये दिला. त्या नोव्हेंबरात राज्याच्या आयोगाने मार्गावर निर्णय द्यायचा होता. चारच दिवस आधी कंपनीची आधीपासून चालू असलेली जुनी पाइपलाइन, नुसती 'कीस्टोन', साउथ डकोटात फुटली. तरी आयोगाने 3 विरुद्ध 2 मतांनी मंजुरी दिली, कंपनीला हवा होता त्याहून वेगळ्या मार्गाला. गळतीचा धोका लक्षात घ्यायला आयोगाला कायद्यानेच मनाई होती, तो विषय केंद्राचा! बायडन यांनी 20 जानेवारी 2021 ला, पहिल्याच दिवशी परवाना काढून घेतला आणि जूनमध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. पैसे गुंतवून बसलेल्या अल्बर्टा सरकारचे सुमारे 130 कोटी कॅनेडियन डॉलर बुडाले. जुनी कीस्टोन मात्र चालू आहे, आणि डिसेंबर 2022 मध्ये ती कॅन्ससमध्ये फुटून सुमारे 13,000 बॅरल तेल एका ओढ्यात आणि आजूबाजूच्या रानात गेलं.

एक गोष्ट आंदोलनवाले सांगत नाहीत: कंपनीच्या म्हणण्यानुसार नेब्रास्कातल्या मार्गावरच्या 90 टक्के जमीनमालकांनी सह्या केल्या होत्या. लढले ते उरलेले. आणि प्रकल्प गेला म्हणून सह्या केलेल्यांचे करार काही आपोआप मिटले नाहीत.

जून 2021 मध्ये मी ही बातमी मामांना फोनवर सांगितली. त्यांनी जागतिक तापमानवाढीबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "नळ नाही आला ते ठीक, पण सातबाऱ्यावर एकदा चढलेलं उतरवायला चपला झिजतात बाबा. तिकडं तलाठी असतो का?"

म्हटलं, असतो, त्याला 'रजिस्टर ऑफ डीड्स' म्हणतात.

"मग झालं," मामा म्हणाले.