वास्तुविशारद राहून सार्वजनिक कला करता येते का?

आपण आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षात आहात आणि पुढे इमारतींबरोबर चौकांतली शिल्पे व सार्वजनिक भिंतींवरची म्युरल्सही (भित्तिचित्रे आणि भित्तिशिल्पे) करता येतील का, असे आपण विचारले आहे. मी याच व्यवसायात आहे आणि माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र इमारत पूर्ण झाल्यावर उरलेल्या भिंतीवर कला लावायची, ही आपल्याकडची सवय आधी मोडावी लागेल.

मला या बाबतीत चित्रकार सतीश गुजराल यांचे उदाहरण सर्वांत पटते, जरी ते आपल्या उलट दिशेने, म्हणजे कलेकडून वास्तुरचनेकडे आले. १९२५ मध्ये झेलम येथे जन्मलेले आणि लहानपणीच श्रवणशक्ती गमावलेले गुजराल लाहोरनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले, जिथे दिएगो रिवेरा आणि सिकेरोस हे मेक्सिकन चित्रकार सार्वजनिक इमारतींच्या भिंती हेच चित्रकाराचे खरे क्षेत्र मानून काम करत होते. परतल्यावर त्यांनी अनेक म्युरल्स केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या बाहेरच्या भिंतीवरचे अक्षरांचे म्युरल त्यांचेच. माझ्या मते त्यांचे वास्तुशिक्षण याच कामांत झाले असावे, कारण वजन कशावर पेलायचे, पावसाचे पाणी कुठून उतरवायचे, उन्हाने सांधे किती हलतील आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला नेमके काय दिसेल, हे प्रश्न कॅनव्हासवर पडत नाहीत, भिंतीवर मात्र टाळता येत नाहीत. पुढे वास्तुशास्त्राची पदवी नसताना त्यांनी नवी दिल्लीतील बेल्जियमच्या दूतावासाची रचना केली. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या उघड्या विटांच्या कमानी आणि घुमट पाहिले, तर शिल्प कुठे संपते आणि इमारत कुठे सुरू होते हे सांगणे कठीण जाते. ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठाचे संकुलही त्यांच्याच रचनेचे आहे; शक्य झाल्यास ते प्रत्यक्ष पाहावे.

आपण पदवी पूर्ण करून वास्तुकला परिषदेकडे नोंदणी मात्र जरूर करावी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यातील बंधन 'आर्किटेक्ट' हे नाव लावण्यावर आहे, रचनेच्या कामावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले असले, तरी व्यवहारात नावाचे वजन कमी नाही.

व्यवहाराचा भाग कलावंत सहसा टाळतात आणि तिथेच अडचणीत येतात. इमारतीचे शुल्क बहुधा बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. कलाकृतीचे मानधन त्यात मिसळू न देता तिचा करार वेगळा करावा, आणि स्वतःच्याच इमारतीसाठी स्वतःचीच कलाकृती सुचवत असाल, तर तसे मालकाला आधीच लेखी कळवावे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य ब्राँझ म्युरल १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने कलावंताचा नैतिक हक्क, म्हणजे कलाकृती दुसऱ्याच्या मालकीची झाल्यावरही तिची मोडतोड रोखण्याचा हक्क, मान्य करून म्युरलचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा निकाल दिला, तो २००५ मध्ये. इतकी वर्षे वाट पाहण्यापेक्षा देखभालीचा खर्च कोणी करायचा, आणि इमारतीत फेरबदल झाल्यास कलाकृती हलवण्यापूर्वी आपल्याला किती दिवसांची सूचना मिळेल, ही दोन कलमे पहिल्याच करारात घालून घ्यावीत.