इटालियनची पदवी इटलीत

प्रश्न : बारावीनंतर इटालियन भाषा व संस्कृती या विषयात इटलीतच पदवी घ्यावी, असे माझ्या मुलीच्या मनात आहे. कोणती विद्यापीठे पाहावीत आणि तयारी किती लागते? – एक वाचक, सांगली

उत्तर : परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवण्यासाठीच नावाजलेली पेरुजा आणि सिएना येथील दोन सरकारी विद्यापीठे आधी पाहावीत. पदवी 3 वर्षांची, 180 श्रेयांकांची असते. मात्र इटालियन माध्यमाच्या अभ्यासक्रमासाठी भाषेची बी-2 पातळी (युरोपीय मोजपट्टीतील सहांपैकी चौथी, म्हणजे बऱ्यापैकी सफाईने बोलता-लिहिता येण्याची) सहसा अपेक्षित असल्याने प्रवेशाआधीचे वर्ष भाषेलाच द्यावे, हे उत्तम.

अभ्यास केवळ व्याकरणाचा नसतो. चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सची बोली, दान्ते, पेत्रार्क आणि बोकाच्चो यांच्या लेखनाच्या बळावर, 1861 मध्ये एकत्र आलेल्या देशाची प्रमाणभाषा कशी झाली, हा त्यातला सर्वांत रसाळ भाग. आणि नेपल्स किंवा व्हेनिसच्या बोली आजही घराघरांत का टिकून आहेत, हे त्यातूनच उलगडते.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना खरी धास्ती वाटते ती तोंडी परीक्षेची. प्राध्यापकांसमोर बसून उत्तरे द्यावी लागतात. गुण 30 पैकी, उत्तीर्ण होण्यासाठी 18. पाठांतर तिथे फार काळ तग धरत नाही. खर्चाची चिंता असेल, तर कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरणाऱ्या इटलीतील प्रादेशिक (तिथल्या प्रांतांकडून मिळणाऱ्या) शिष्यवृत्तीसाठी मुदतीत अर्ज करावा.