टायर पंचवीस हजारांचे, विमा मात्र संपलेला

भुसावळच्या एका ३१ वर्षांच्या वाचकांनी विचारले आहे की, आपल्या ३७३ सीसीच्या स्पोर्ट्‌स मोटारसायकलला परदेशी कंपनीचे २५ हजारांचे मऊ रबराचे टायर बसवावेत की भारतीय कंपनीचे १३ हजारांचे रेडियल. ते रोज याच गाडीने जळगावच्या एमआयडीसीत नोकरीला जातात. महिन्याला ३८ हजार हाती येतात. घरी आई-वडील, पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी आहे, आणि यावल तालुक्यात वडिलांची दोन एकर केळी आहे. दुकानदार बिनव्याजी हप्त्यांची सोय देतो आहे. पत्राच्या शेवटी ते जाता जाता लिहितात, ‘गाडी ऑक्टोबर २०२० मध्ये वडिलांच्या नावावर घेतली, कारण कर्ज त्यांना लवकर मिळाले. विमा गेल्या ऑक्टोबरात संपला; पण पाच वर्षांत एकही क्लेम झालेला नाही आणि माझी वर्षाला ४८ हजार हप्त्याची पॉलिसी चालू आहे, म्हणून विम्याचे पैसे टायरकडे वळवले.’

टायरचे उत्तर सोपे आहे, ते पुढे देतो. आधी हे शेवटचे वाक्य.

तुमची पॉलिसी तुमच्या जिवाची आहे. गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्यातला एक रुपयाही ती देणार नाही. ते काम ‘थर्ड पार्टी’ विम्याचे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे पाच वर्षे त्याची आठवण कोणी करून दिली नाही आणि संपल्यावर तो नसल्याचे काही वाटले नाही. पोलिसांनी पकडले तर पहिल्या वेळी दोन हजारांचा दंड होईल. पण मला काळजी दंडाची नाही.

समजा, नशिराबादजवळ संध्याकाळी तुमच्या चुकीने एक दुचाकीस्वार दगावला. वय ३०, कमाई महिन्याला २० हजार, मागे पत्नी, मूल आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीने हिशेब करते. वर्षाची कमाई २ लाख ४० हजार; पुढे ती वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे सुमारे ३ लाख ३६ हजार; त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करून उरलेल्या सव्वादोन लाखांना वयानुसार १७ ने गुणायचे. रक्कम ३८ लाखांच्या आसपास जाते. इतर किरकोळ बाबींची भरपाई आणि व्याज वेगळे. विमा असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. विमा नसेल तर ती चालकाबरोबर गाडीच्या मालकाकडूनही वसूल होते, आणि कागदोपत्री मालक तुमचे वडील आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ नुसार अशी रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. शेतकऱ्याच्या घरात या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी ती गाडी कधी चालवली नाही, त्यांच्या सातबाऱ्यावर तुम्ही नकळत ३८ लाखांचा धोका टाकला आहे. आणि वाचवले किती? ३५० सीसीवरील दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार वर्षाला २,८०४ रुपये, कर धरून सुमारे ३,३००. म्हणजे दिवसाला नऊ रुपये. ‘पाच वर्षांत क्लेम नाही’ हे विमा बंद करण्याचे कारण कसे होते, हे मला इतक्या वर्षांत कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

गाडी वडिलांच्या नावावर असल्याचा आणखी एक तोटा आहे. मालक-चालकासाठीचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालकाला मिळते, म्हणजे गाडी न चालवणाऱ्या वडिलांना. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्या तुम्हाला नाही. कर्ज फिटले असेल तर बोजा उतरवून आरटीओत गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या आणि विम्याच्या कागदावरही नाव बदला.

आता ती ४८ हजारांची पॉलिसी. तुम्ही दोन हप्ते भरले आहेत. पंधरा वर्षे भरल्यावर विसाव्या वर्षी १४ लाख मिळतील आणि ‘पैसे दुप्पट होतील’, असे एजंटने सांगितले आहे. भरणार ७ लाख २० हजार, आणि ते सरासरी तेरा वर्षे अडकून राहणार. एवढ्या काळात दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम पाच-सव्वापाच टक्के. पोस्टातले पीपीएफ याहून जास्त देते आणि त्यासाठी कोणी घरी येऊन चहा घेत नाही. त्यातही विम्याची रक्कम पाच लाख, म्हणजे तुमच्या तेरा महिन्यांच्या पगाराएवढी. पाच माणसांच्या घराला याला विमा म्हणणे म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा साधा विमा, वर्षाला साधारण बारा ते पंधरा हजारांत मिळतो. तो हाती आल्यानंतरच, आधी नव्हे, जुनी पॉलिसी ‘पेड-अप’ करता येईल का, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवता येईल का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

टायरबद्दल. भुसावळ-जळगाव रस्ता सरळ आहे आणि तुमचा मागचा टायर मधोमध सपाट झाल्याचे तुम्हीच लिहिले आहे. वळणावर गाडी झुकवणाऱ्यासाठी बनवलेले मऊ रबर तुम्ही रोज मधल्या पट्ट्यावरच झिजवणार. परदेशी जोडी २५ हजार किलोमीटर चालेल ही आशा सोडा. नऊ हजार चालली तरी पुष्कळ. म्हणजे किलोमीटरला पावणेतीन रुपये. भारतीय रेडियल तेरा हजार किलोमीटर धरले तर एक रुपया. तुमच्या वर्षाच्या पंधरा हजार किलोमीटरवर फरक सुमारे २६ हजारांचा पडतो, आणि त्यात थर्ड पार्टी आणि टर्म विमा दोन्ही बसून पैसे उरतात. माप कंपनीने दिलेलेच ठेवा, पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०. दिसण्यासाठी रुंद टायर चढवू नका. टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार आकडे वाचा: ०८२६ म्हणजे २०२६ चा आठवा आठवडा. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलात तो पाहा. हप्त्यांचे प्रक्रिया शुल्क विचारल्याशिवाय ‘बिनव्याजी’वर विश्वास ठेवू नका, १३ हजार रोख देणे बरे. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

थर्ड पार्टी विमा आजच ऑनलाइन घ्या. टायर नंतर बसवा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा त्याहीनंतर घ्या, कारण खंड पडल्यावर कंपनी गाडीची तपासणी मागते आणि गुळगुळीत टायर तिथे दिसू नयेत. विम्याचा कागद हाती येईपर्यंत गाडी घरीच उभी राहू द्या. भुसावळहून जळगावला जायला रेल्वेगाड्यांची कमी नाही.